‘फॉल्स फ्रेंड’ला मराठीत काय म्हणायचं? (निमित्त : स्पॅनिशभाषकांचं इंग्रजी)

ओसरी :

मी पुण्यात घरी बसून ऑनलाइन इंग्रजी शिकवते. विद्यार्थी सगळे स्पॅनिश बोलणारे. संध्याकाळी साडेसातला इथे कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात तेव्हा कोलंबियात सकाळचे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे ती वेळ ठरून गेली आहे. वर्गाची पद्धत साधी. एक उतारा वाचायचा, पाचसहा प्रश्न सोडवायचे, मग उताऱ्याचं स्पॅनिशमध्ये भाषांतर करायचं, मूळ कागद बाजूला ठेवायचा आणि आपल्याच स्पॅनिशवरून पुन्हा इंग्रजी लिहायचं. या उलटफेरीत कोण कुठे अडखळतं ते लख्ख दिसतं.

परवा उताऱ्यात एक वाक्य होतं : ‘शी इव्हेंच्युअली सोल्ड हर मदर्स हाउस’. अखेर तिने आईचं घर विकलं. खाली चूक की बरोबर असा प्रश्न : तिने घर विकलं. बँकेत काम करणारे माझे एक विद्यार्थी आहेत, हुशार माणूस. त्यांनी लिहिलं, ‘सांगता येत नाही, मजकुरात नक्की म्हटलेलं नाही.’ मी चक्रावले. ‘सोल्ड’ तर समोर दिसतंय! मग त्यांचं भाषांतर उघडलं तर तिथे ‘एबेन्तुआल्मेन्ते’. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ प्रसंग पडला तर, जमलं तर, झालंच तर. म्हणजे त्यांच्या लेखी बाईंनी घर कदाचित विकलं असावं. व्याकरण चुकलं नव्हतं आणि शब्द अडला असंही नव्हतं. उलट शब्द ओळखीचा वाटला, म्हणूनच शब्दकोश उघडावासा वाटला नाही.

असे शब्द ढीगभर आहेत. ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे सध्या, त्यामुळे ‘अ‍ॅक्च्युअली आय वर्क इन अ बँक’ असं जो सांगतो त्याला ‘सध्या मी बँकेत आहे’ एवढंच म्हणायचं असतं. मला मात्र पहिल्या महिन्यात वाटायचं की हा काहीतरी कबुली देतोय. (आपल्याकडे ‘अ‍ॅक्च्युअली काय झालं ना’ मध्ये त्या शब्दाला कुठलाच अर्थ उरलेला नाही, ते वेगळं.) ‘आसिस्तिर’ म्हणजे हजर राहणं, मदत करणं नव्हे. ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. ‘सेन्सीब्ले’ म्हणजे हळवा. इंग्रजीत तो समंजस. आणि सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण, ‘एम्बारासादा’ : लाजलेली नव्हे, गरोदर.

दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या अशा शब्दांना इंग्रजीत फॉल्स फ्रेंड म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘फाल्सोस आमीगोस’. मूळ फ्रेंच. तिकडे १९२८ साली भाषांतरकारांसाठी निघालेल्या एका पुस्तकाच्या नावातच तो शब्दप्रयोग होता. मला माझ्या टिपणवहीसाठी मराठी शब्द हवाय. ‘खोटे मित्र’ हे शब्दाला शब्द झालं, त्याला चव नाही. ‘मतलबी मित्र’ म्हणावं तर या शब्दांना कसला मतलब? सुचवा.

खलबत्ता :

तोतया! तोतया शब्द.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला माणूस आठवा. चेहरामोहरा जुळतो म्हणून लोकांनी मुजरे केले, कोकणात त्याने धुमाकूळ घातला. हे शब्दही तेच करतात. ओळखीचा चेहरा बघून आपण दार उघडतो. मित्रबित्र कशाला आणायचे मध्ये, आपल्याकडे तयार शब्द असताना.

मोडीवाचक :

खलबत्ता, शब्द झकास आहे, पण ओसरीताईंनी दिलेल्या यादीत बसत नाही. तोतया म्हणजे रक्ताचं नातं नसताना नातं सांगणारा. या यादीतले बहुतेक शब्द सख्खे भाऊ आहेत. इंग्लंडात १०६६ नंतर फ्रेंच बोलणारे राज्यकर्ते आले आणि लॅटिनच्या घरचा निम्मा संसार इंग्रजीत आला. स्पॅनिश तर लॅटिनच्याच पोटची. तेव्हा आजोळ एक, पण वाढले निरनिराळ्या घरी.

‘कोन्स्तिपादो’ बघा. स्पेनमध्ये एखादा ‘एस्तोय कोन्स्तिपादो’ म्हणाला तर त्याला सर्दी झालीय. इंग्रजीत तोच शब्द बद्धकोष्ठाचा. हसू येतं, पण लॅटिन मूळ आहे दाबून, ठासून भरण्याचं. चोंदलंय हे दोघांनाही मान्य आहे, नाक की पोट एवढाच वाद.

दुसरं ‘एक्सितो’. इंग्रजी एक्झिट म्हणजे बाहेर पडायचं दार, स्पॅनिश एक्सितो म्हणजे यश. मूळ अर्थ बाहेर पडणं, त्यावरून जे बाहेर पडलं ते, म्हणजे निष्पत्ती. स्पॅनिशने त्यातली चांगली निष्पत्ती तेवढी ठेवून घेतली. हे मराठी माणसाला कळायला अवघड नाही, कारण आपला ‘निकाल’ही निघण्याच्याच घरचा. फक्त आपण निकाल लागला म्हणतो तेव्हा पेढे की बोंब हे पुढच्या वाक्यावर ठरतं, आणि एखाद्याचा निकाल लावला म्हटलं की पेढ्यांचा प्रश्नच येत नाही.

आणि हा अनुभव घ्यायला कोलंबियापर्यंत जायला नको. हिंदीत ‘शिक्षा’ घेतात, मराठीत भोगतात. हिंदीत ‘चेष्टा’ करतात तेव्हा ते प्रयत्न करत असतात, आपण थट्टा. ‘संशोधन’ तिकडे कायद्यात दुरुस्ती, इथे प्रयोगशाळेत. ‘यातायात’ तिकडे रहदारी, इथे दगदग, अर्थात सिंहगड रोडला संध्याकाळी दोन्ही एकच. यातलं कोण तोतया? सगळे एकाच संस्कृताचे नातू.

माझी सूचना : दत्तक गेलेले शब्द. रक्त तेच, घराणं बदललं, आता आडनावावर जाऊ नका.

खलबत्ता :

मोडीवाचक, मानलं. पण म्हणजे खरे तोतये नाहीतच की काय?

मोडीवाचक :

आहेत ना, थोडे आहेत. ‘रोपा’ म्हणजे कपडे, रोप म्हणजे दोर, संबंध शून्य. ‘सोपा’ म्हणजे सूप. इंग्रजी सोप, म्हणजे साबण, याच्याशी त्याचं काही नातं नाही. गंमत अशी की साबणाला स्पॅनिशमध्ये ‘खाबोन’ म्हणतात आणि तो खाबोन, इंग्रजी सोप आणि आपला साबण हे तिघे मात्र एकाच घराण्यातले. चेहरा जुळतो तो तोतया, आणि ज्याचा चेहरा अजिबात जुळत नाही तो घरचा. तुमचा भाऊसाहेबांचा दाखला इथे चपखल बसतो.

लांबचा_गाववाला :

टेक्ससमधून लिहितोय. आमच्या शेजारपाजारी निम्मं स्पॅनिश. वरच्या यादीला एक पुरवणी : स्पेनचं पुस्तक वाचून लॅटिन अमेरिकेत चालू नका. ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे सर्दी हे माद्रिदला खरं. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तसं सांगितलंत तर लोक तुम्हाला पपई खायला सांगतील.

आणि इथे तर चुकीचा अर्थच गादीवर बसलाय. ‘कार्पेता’ म्हणजे कागद ठेवायचं फोल्डर, पण इथे जन्मलेली मुलं जमिनीवरच्या कार्पेटला बिनदिक्कत कार्पेता म्हणतात. नोकरीसाठी अर्ज करणं याला ‘आप्लिकार’. वयस्क मंडळी नाक मुरडतात. पण सगळा मोहल्ला एका अर्थाने बोलायला लागला की चूक कोणाची? आपण इंग्रजी ‘टेन्शन’चं काय केलं ते आठवा.

दगडी_पाटी :

माझं स्पॅनिश फक्त ‘ओला’पुरतं, पण आकड्यांत दोनदा तोंडावर आपटलोय म्हणून लिहितो. इंग्रजी बिलियन म्हणजे एकावर नऊ शून्यं, आपले शंभर कोटी. स्पॅनिश ‘बियोन’ म्हणजे एकावर बारा शून्यं, आपले एक लाख कोटी. इंग्रजी बिलियनला तिकडे ‘मिल मियोनेस’, हजार दशलक्ष, म्हणावं लागतं. कंपनीचा अहवाल भाषांतरित करताना हजारपट श्रीमंत किंवा हजारपट भिकारी व्हायची सोय आहे.

बाकी ‘सोपा’ म्हणजे सूप हे वाचून बायको म्हणाली, करायला सोपं म्हणूनच असेल.

ओसरी :

सगळ्यांचे आभार. दत्तक गेलेले आणि तोतये असे दोन रकाने पाडलेत वहीत. ‘कोम्प्रोमिसो’ पहिल्यात गेला : स्पॅनिशमध्ये बांधिलकी, दिलेला शब्द. इंग्रजीत तडजोड. आणि आपला ‘राजीनामा’ हिंदीत तडजोडीचा कागद आणि मराठीत नोकरी सोडल्याचा, हे मोडीवाचकांच्या यादीत जोडा. ‘दिस्कुतिर’ही पहिल्यात : इंग्रजीत डिस्कस म्हणजे चर्चा, स्पॅनिशमध्ये मुख्यतः भांडणं, वाद घालणं. स्पॅनिश माणसाला शब्दचर्चा म्हणजे काय विचारलं तर तो बहुधा शब्दाशब्दी सांगेल, आणि या धाग्यापुरतं तरी त्याचं फार चुकणार नाही.

पण शिकवताना मला जास्त घाम फोडणारी जागा वेगळीच आहे, आणि तिथे मराठी कामाला येते.

माझ्या एका विद्यार्थिनीला ‘आय लाइक मँगोज’ हे तोंडात बसेना. सारखं ‘मी लाइक द मँगोज’ (हा ‘मी’ इंग्रजीतला, म्हणजे ‘मला’). स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? ‘मे गुस्ता एल काफे’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. एक कॉफी असली की गुस्ता, आंबे अनेक झाले की गुस्तान. आता मराठी म्हणून बघा : मला कॉफी आवडते, मला आंबे आवडतात. हुबेहूब! क्रियापद आंब्यांच्या मागे चालतं, माणूस बाजूला ‘मला’ होऊन बसतो. इंग्रजीत माणूस पुढे येऊन आंब्यांवर हुकूम चालवतो. आणि गंमत, जुन्या इंग्रजीतही ‘लाइक’ हे आपल्यासारखंच चालायचं, वस्तू माणसाला भावायची. पुढे ते फिरलं. मी तिला म्हटलं, बाई, चूक तुझी नाही, इंग्रजीने कूस बदलली. ती खूश. मी वाक्य मात्र वीस वेळा म्हणून घेतलं.

दुसरं याहून लाडकं. हातातून ग्लास पडला की स्पॅनिश माणूस म्हणतो ‘से मे कायो एल बासो’. माझ्या हातून ग्लास पडला. विसरलं की ‘से मे ओल्बिदो’, शब्दशः माझ्याकडून विसरलं गेलं. ग्लास आपणहून पडतो, आपण तिथे नुसते हजर असतो. इंग्रजीत ‘आय ड्रॉप्ट द ग्लास’ म्हणावं लागतं, म्हणजे सरळ गुन्हा कबूल. भाषांतराच्या तासाला या वाक्यावर वर्ग नेहमी अडतो. ‘द ग्लास फेल मी’ लिहितात. त्यांना ‘आय ड्रॉप्ट’ माहीत असतं, पण मुद्दाम टाकल्यासारखं वाटतं म्हणून हात वळत नाही. मला ते पटतं. लहानपणी बरणी फुटल्यावर ‘मी फोडली’ असं आपल्यापैकी किती जण म्हणाले? फुटली. एवढंच.

उलट बाजूही आहे. ‘एस्पेरार’ या एका क्रियापदात वाट पाहणं, आशा करणं आणि अपेक्षा करणं तिन्ही मावतात, त्यामुळे ‘आय वेट दॅट यू आर वेल’ अशी पत्रं येतात. मराठीभाषक इथे सहसा चुकत नाही, आपल्याकडे तिन्हींना वेगळे शब्द आहेत. तसंच ‘देसिर’ एकटं म्हणणं आणि सांगणं दोन्ही उचलतं, म्हणून से आणि टेल यांची गल्लत. पण लेंड आणि बॉरो यांच्यात ते अडकतात तसे आपणही. उसनं द्यायचं, उसनं घ्यायचं. शब्द एकच, दिशा फक्त बदलते.

मोडीवाचक :

ताई, हे वेगळ्या धाग्याचं ऐवज आहे. एक शंका : वाचताना ठीक, पण ऐकताना त्यांना काय जड जातं?

ओसरी :

स्वर. स्पॅनिशमध्ये पाचच, लांबी-आखूडपणाने अर्थ बदलत नाही. शिप आणि शीप कानाला एकच. (ऱ्हस्व-दीर्घावरून मार्क गेलेल्या मराठी माणसाने यावर हसू नये.) आणि शब्दाच्या सुरुवातीला स असलेलं जोडाक्षर आलं की आधी ‘ए’ लागतोच : स्कूलचं ‘एस्कूल’, कारण त्यांच्याकडे एस्कुएला, एस्तादो, एस्पान्या. उत्तरेतल्या ‘इस्कूल’ची बहीण. शिवाय स्पेनमधल्यांच्या कानावर इंग्रजी फारसं पडत नाही. स्पेनमध्ये १९४१ साली परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करणं सक्तीचं झालं. सक्ती पुढे गेली, सवय राहिली.

खलबत्ता :

मग शेवटी तोतया की दत्तक? वहीवर काय लिहिलंत?

ओसरी :

वहीवर अजून रकानाच आहे, नाव पेन्सिलीने. पण आज सकाळी त्याच बँकवाल्या विद्यार्थ्याचा निरोप आलाय तो जसाच्या तसा देते :

‘टीचर, अ‍ॅक्च्युअली आय हॅव मच वर्क, इव्हेंच्युअली आय विल असिस्ट टुमारो.’

इंग्रजीने वाचलं तर : खरं तर मला खूप काम आहे, अखेर उद्या मी मदत करीन. स्पॅनिश डोक्याने वाचलं तर : सध्या काम फार आहे, जमलं तर उद्या वर्गाला येईन. दोन आठवडे मी हेच तीन शब्द शिकवतेय, त्यामुळे त्याने आता शिकलेल्या अर्थाने लिहिलंय, जुन्या सवयीने लिहिलंय की माझी फिरकी घेतलीय, काही कळायला मार्ग नाही. उद्या साडेसातला लॅपटॉप उघडून बसते.