यात्रेकरूच्या ताटाला दर असावा का?

मूळ मत (रिसोड)
स्पेनमध्ये सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथील संत याकोबाच्या कबरीकडे जाणाऱ्या वाटेवर काही धर्मशाळांत राहण्या-जेवणाचा दर ठरलेला नसतो. ग्रान्योन गावी चर्चच्या आवारातच अशी एक जागा आहे. तिथे यात्रेकरू मिळून स्वयंपाक करतात, एकत्र जेवतात आणि जमिनीवरील गाद्यांवर झोपतात. तिथल्या दानपेटीवर ‘जमेल ते ठेवा, लागेल ते घ्या’ अशा अर्थाचा मजकूर आहे. माझ्या मते ही पद्धत आता बंद करावी. २०२४ मध्ये सुमारे पाच लाख लोकांना यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्यांतले कितीतरी आपले ओझे गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवणारे असतात. सांतियागो ज्या प्रांतात आहे त्या गालिसियातील सरकारी धर्मशाळा ठरावीक शुल्क घेतात आणि ते देताना कोणी कुरकुरत नाही.

प्रतिसाद (पातूर)
असहमत. प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी चालणे पुरते; परंतु जो फ्रान्सच्या सीमेजवळच्या रोन्सेस्वायेसपासून जवळपास ८०० किलोमीटर चालत येतो, त्याला महिनाभर रोज मोजलेले ताट परवडेलच असे नाही. पेटीवरच्या ओळीचा ‘लागेल ते घ्या’ हा अर्धा भाग आपण वाचून सोडून दिलात. शेगावची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा आमच्या भागात पंगतीला बसलेल्या वारकऱ्याची ऐपत कोणी विचारत नाही.

मूळ लेखक
पालखीचा दिवस गावाला आधीच ठाऊक असतो. ग्रान्योनला वसंतापासून शरदापर्यंत रोज संध्याकाळी नवी माणसे दारात उभी असतात आणि सेवेकरी साधारण पंधरा दिवसांच्या पाळीने येतात. गॅस आणि किराणा मात्र पाळीने येत नाही!

प्रतिसाद (मेहकर)
पैशाच्या या वादात चुलीपाशी कोण आहे, हे दोघांनीही विचारले नाही. आपल्याकडे पंगतीच्या दिवशी बाया पहाटेपासून राबतात आणि शेवटी उरलेले जेवतात. ग्रान्योनला निदान पाहुणाच भाजी चिरतो. पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे, असे सांगणाऱ्या संत बेनेडिक्टच्या ख्रिस्ती मठांसाठीच्या नियमावलीतील त्याच ५३व्या प्रकरणात, पाहुण्यांच्या स्वयंपाकघरातील बंधूंना गरजेप्रमाणे मदतनीस द्यावेत, म्हणजे ते कुरकुर न करता सेवा करतील, असेही बजावले आहे. पेटी ठेवावी, तिच्याशेजारी महिन्याचा खर्च लिहावा आणि भांडी घासण्याची पाळी प्रत्येकाला लावावी.

मूळ लेखक
पाळी मान्य. खर्च लिहिला, की लोक माणशी भागाकार करणार. मग तो दरच झाला.

प्रतिसाद (पातूर)
होऊ द्या. ज्याच्याजवळ तेवढे नाहीत, त्याला तरीही जेवता येईल. आपण मागता त्या दरात ती सोय नाही.