वेर्चेल्लीच्या भातखाचरांत एप्रिलचं पाणी सोडावं की नाही?

पोकाठी (धागाकर्ता)

गेली नऊ वर्षं तुरिनहून मिलानकडे जाणाऱ्या गाडीत आठवड्यातून दोनदा बसतो. सांथिया मागे पडलं की दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू होतात, ती वेर्चेल्ली ओलांडून थेट नोवारापर्यंत. एप्रिल संपता संपता त्यांत पाणी भरलं की जमीन दिसेनाशी होते. बांधांनी आखलेलं पाणीच पाणी, आणि स्वच्छ सकाळी त्यात उलटा पडलेला मोन्ते रोझा या आल्प्समधल्या डोंगराचा बर्फ. इथली माणसं याला 'चौकटींचा समुद्र' म्हणतात. अलीकडे या समुद्रात ठिगळं दिसायला लागली आहेत. एका खाचरात पाणी, बांधापलीकडे कोरडी माती आणि ट्रॅक्टरमागे पेरणीयंत्र. कोरड्यात पेरायचं, रोप महिन्याभराचं झालं की जूनच्या सुमारास पाणी द्यायचं, ही नवी पद्धत.

माझं मत स्पष्ट आहे. कोरडी पेरणी वाढू देऊ नये, आणि जो शेतकरी पाण्यात पेरतो त्याला त्याबद्दल सरकारी पैसे मिळावेत.

ज्यांना हा वेर्चेल्ली प्रांत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वायव्य इटलीतल्या पिडमाँट प्रदेशातला हा जिल्ह्याएवढा भाग, 2,000 चौरस किलोमीटरच्या थोडा वर, वस्ती पावणेदोन लाखाच्या आत. दक्षिणेला सपाट मैदान, उत्तरेला आलान्या गाव, ज्याच्या हद्दीत 4,554 मीटरचं शिखर येतं. इटली युरोपीय संघातला निम्मा तांदूळ पिकवते आणि तो बहुतेक सगळा पाविया, वेर्चेल्ली, नोवारा या तीन प्रांतांत होतो. आपण रिझोतोसाठी जो आर्बोरियो तांदूळ शोधत फिरतो, ते आर्बोरियो याच प्रांतातलं एक गाव.

हे पाणी आपोआप आलेलं नाही. इटलीचा पहिला पंतप्रधान कावूर त्रीनोजवळच्या लेरीला स्वतः भातशेती करायचा. 1853 साली त्याच्या पुढाकाराने सेझिया नदीच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांची पाणी संस्था उभी राहिली. सरकारी कालव्यांचं पाणी संस्थेने घ्यायचं आणि सभासदांनी आपसात वाटायचं, अशी व्यवस्था. मग कालवा आला. फ्रान्चेस्को रोस्सी नावाच्या वेर्चेल्लीच्या मोजणीदाराने तो आधी कागदावर मांडला, कार्लो नोए या अभियंत्याने आराखडा केला, आणि 1863 ते 1866 या तीन वर्षांत पो नदीवर कीवास्सोला तोंड काढून 80 किलोमीटरहून लांब कालवा तिचिनो नदीपर्यंत नेला. बहुतेक काम हातांनी. वाटेत दोरा बाल्तेआ नदीवरून पूल काढून पाणी नेलं आणि सेझिया आडवी आली तिथे नदीच्या पोटाखालून. कावूर 1861 लाच गेला होता, कालव्याला नाव त्याचं मिळालं. तोंडाशी सेकंदाला 110 घनमीटर पाणी घेता येतं, म्हणजे आपल्या हिशोबात सुमारे 3,900 क्युसेक.

आता एप्रिलचं पाणी का? एक तर इथल्या रात्री तेव्हा गार असतात आणि पाण्याच्या पांघरुणाखाली कोंब तगतो. त्याहून मोठं कारण जमिनीखाली आहे. खाचरातलं पाणी झिरपतं, भूजल वर येतं, आणि तेच पाणी उन्हाळ्यात खालच्या अंगाला झऱ्यांतून वर येऊन पुन्हा शेतांना मिळतं. वरच्या गावाने एप्रिलमध्ये खाचर भरलं नाही तर खालच्या गावाचा झरा जुलैत आटतो. धरण न बांधता मिळालेलं हे धरण आहे, ते आपण मोडू नये.

पाणलोट

असहमत. मी आयुष्यभर पाटबंधाऱ्यात काढलं आहे, 'झिरपलेलं पाणी वाया जात नाही' हे वाक्य प्रत्येक कालव्याच्या वरच्या टोकाकडून ऐकलं आहे. वरच्या टोकाला ते नेहमी खरं वाटतं. खालच्या टोकाला जाऊन विचारा.

2022 आठवा. आल्प्सवर बर्फ पडला नव्हता, पाऊस आला नाही, पो नदीचं पात्र उघडं पडलं. 4 जुलैला इटलीच्या सरकारने पिडमाँटसह पाच प्रदेशांत आणीबाणी जाहीर केली. नदीच्या मुखाशी समुद्राचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरलं होतं. लोमेल्लीनात, म्हणजे खालच्या अंगाच्या पाविया प्रांतातल्या भातपट्ट्यात, शेतकऱ्यांना ठरवावं लागलं की कोणतं खाचर जगवायचं आणि कोणतं सोडायचं. अशा वर्षी एप्रिलमध्ये चार बोटं पाणी उभं करून ठेवा म्हणणं म्हणजे नसलेल्या पाण्याचं वाटप.

दुसरं म्हणजे मिथेन. पाण्याखालच्या मातीत हवा पोचत नाही, तिथून तो निघतो. पाणी उभं राहण्याचे दिवस कमी झाले की तोही घटतो. याचा उल्लेखही तुमच्या लेखात नाही.

लावणीची_लेक

पोकाठी दादा, कालव्याचा इतिहास तुम्ही मनापासून लिहिलात, पण त्यात नावं आली ती पंतप्रधानाची, मोजणीदाराची आणि अभियंत्याची. खाचरात उभ्या बायका कुठे आहेत?

माझी आई राजापूरकडे लावणी करते. जुलैत रात्री झोपताना ती पाय कोमट पाण्यात घालून बसते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, पाठ सरळ व्हायला दिवाळी उजाडते. म्हणून वेर्चेल्लीच्या निंदणीवाल्या बायकांबद्दल वाचलं तेव्हा मला ओळख करून द्यावी लागली नाही. त्यांना मोंदीने म्हणत. दरवर्षी सुमारे चाळीस दिवस, एमिलिया, व्हेनेतो अशा लांबच्या भागांतून टोळ्या यायच्या. गुडघाभर पाणी, डोक्याला रुंद टोपी, वर डास. मजुरीत पैशांबरोबर दिवसाला किलोभर तांदूळ. राहायला वाड्याच्या कोठारात पेंढा. मलेरिया इतका होता की भातशेती वस्तीपासून किती अंतरावर असावी याचे नियम करावे लागले.

याच बायकांनी 1906 साली वेर्चेल्लीत संप केला आणि आठ तासांचा दिवस मागितला. मोदेस्तो कुन्योलियो नावाचा वकील त्यांच्या बाजूने उभा राहिला. आठ तासांचा दिवस देशभर कायद्याने यायला त्यानंतर सतरा वर्षं जावी लागली. माझ्या मते या प्रांताने देशाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट तांदूळ नाही, ही मागणी आहे.

पुढे तणनाशक आलं आणि साठच्या दशकात त्यांचं काम संपलं. तेव्हाही 'आपला भात आता पूर्वीसारखा राहिला नाही' म्हणणारे असतीलच. चौकटींचा समुद्र गाडीच्या खिडकीतून छान दिसतो. त्यात उतरणाऱ्याला विचारल्याशिवाय तो राखायचा की नाही हे ठरवू नये.

पोकाठी

ताई, चूक मान्य. तुमचा प्रतिसाद वाचून लेखात काय राहिलं ते कळलं, आणि ते राहायला नको होतं.

पण आज त्या खाचरात वाकलेलं माणूस नाही. जमीन लेझरने सपाट केलेली, ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील, भिजवलेलं बी यंत्राने पाण्यावर फेकलं की जड होऊन तळाशी बसतं. शेकडो एकर दोन-तीन माणसं सांभाळतात. म्हणजे पाणी राखण्याची किंमत आता कुणाच्या पाठीने मोजली जात नाही.

पाणलोट साहेब, तुमच्या 2022 च्या मुद्द्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण आधी एक विचारतो. कोरड्या पेरणीने पाण्याची मागणी कमी होते, की फक्त जूनमध्ये सरकते? जूनमध्ये मक्यालाही पहिलं पाणी हवं असतं. मग सगळे एकाच आठवड्यात कालव्याच्या दारावर. एप्रिलमध्ये झिरपवलं नसेल तर तेव्हा जमीनही जास्त पाणी पिते.

डोंगरवाट

इतका वेळ वाचतोय, सगळे मैदानातच आहेत. अर्धा प्रांत डोंगर आहे हो. वाल्सेझियात, म्हणजे सेझियाच्या वरच्या खोऱ्यात, भाताचं एक रोप नाही. तिथे पितळेच्या तोट्या आणि व्हॉल्व्ह बनवणारे छोटे-मोठे कारखाने आहेत, खोऱ्याची कमाई त्यावर. वाराल्लोला पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं देवळांचं डोंगरतीर्थ, जे 2003 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आणि शेजारचं बिएल्ला, लोकरीच्या कापडाचं गाव, 1992 साली या प्रांतातून वेगळं झालं. गिरण्यांचा पैसा तिकडे गेला, भात इकडे उरला. भातावर एवढा जीव का टांगला आहे ते यातून समजतं.

पाणी म्हणाल तर त्रीनोचं अणुवीज केंद्र आठवा. साठच्या दशकात पो काठी बांधलं, 1987 च्या सार्वमतानंतर बंद. सालुज्जाला दोरा बाल्तेआच्या अगदी काठावर किरणोत्सारी कचरा आजही साठवलेला आहे, आणि 2000 सालच्या ऑक्टोबरच्या पुरात नदी तिथपर्यंत आली होती. त्याच सालुज्जाच्या घेवड्याशिवाय इथला पानिस्सा होत नाही. तांदूळ, घेवडा, चरबीत मुरवलेलं सलामी, एकाच पातेल्यात. या प्रांतातल्या पाण्याबद्दल धागा काढायचा तर हेही त्यात यायला हवं.

अडत_दुकान

शेतकरी कोरडी पेरणी का करतो हे कोणीच लिहिलं नाही. त्यात खर्च कमी, चिखलात यंत्र घालावं लागत नाही, एका माणसात काम होतं. भाव त्याच्या हातात नाही. कंबोडिया आणि म्यानमारचा तांदूळ बिनशुल्क यायला लागला तेव्हा इटलीने ओरड केली आणि जानेवारी 2019 मध्ये युरोपीय संघाने तीन वर्षांसाठी शुल्क लावलं. पहिल्या वर्षी टनाला 175 युरो, मग 150, मग 125. मग मुदत संपली. अशा धंद्यात माणूस जिथे वाचवता येईल तिथे वाचवणारच.

म्हणून पोकाठींच्या प्रस्तावातल्या पैशांच्या भागाला माझा पाठिंबा. खालच्या गावाच्या झऱ्यासाठी वरच्याने खाचर भरायचं असेल तर त्याचा खर्च एकट्या वरच्याने का सोसावा? मात्र बंदी नको. शेतकऱ्याला 'असंच पेर' सांगणारा कायदा कुठेच टिकलेला मी पाहिला नाही.

पोकाठी

बंदीचा आग्रह सोडतो. अनुदान पुरे. आणि पाणलोट साहेबांच्या दुष्काळी वर्षाचं माझं उत्तर असं: मार्चअखेर आल्प्सवर किती बर्फ आहे ते मोजलेलं असतं. बर्फ भरपूर असेल त्या वर्षी एप्रिलचं पाणी खाचरात उतरवा आणि त्याचे पैसे द्या. बर्फ नसेल त्या वर्षी कोरडं पेरा, तेव्हाही नुकसान भरून द्या. वाटपाची संस्था 1853 पासून आहेच, नवीन काही उभारायला नको.

पाणलोट

बर्फ पाहून ठरवायचं असेल तर एप्रिलच्या पाण्याला माझा विरोध मागे घेतो. वसंतात वितळून वाहून जाणारं पाणी जमिनीत मुरवणं, मीही नोकरीभर हेच करत आलो.

जूनच्या बाबतीत मात्र नाही. तुम्ही म्हणता मागणी जूनमध्ये सरकते, ते खरं आहे. पण उन्हाळ्यात पो आटते तेव्हा कावूर कालवा दोरा बाल्तेआच्या पाण्यावर चालतो, आणि ते हिमनद्यांचं आहे. त्या हिमनद्या मागे हटत आहेत. भाताला जूनमध्ये आणि पुढे किती पाणी मिळेल याचा आकडा संस्थेने आत्ताच खाली आणायला हवा, आणि त्या चर्चेत लोमेल्लीनातलं शेवटच्या टोकाचं गाव पहिल्या रांगेत बसलेलं हवं. यावर तुमचं काय म्हणणं ते लिहा, मग पुढे बोलू.