ई-ऑफिस आलं तरी फाईल कागदावरच, असं का?

सांगलीकर_लिपिक:
नमस्कार मंडळी. मी सांगलीत एका सरकारी कार्यालयात आहे. ई-ऑफिस येऊन दोन वर्षं झाली, तरी आमच्याकडं काय चालतं बघा. फाईल कॉम्प्युटरवर येते, मोठे बाबू तिची प्रिंट काढतात, समासात पेनानं शेरा मारतात, सही करतात आणि मला म्हणतात आता हे स्कॅन करून वर टाक. चुलतभाऊ कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, तिथं ईआरपी, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं आणि तीन महिन्यांत पन्नाशीतले सुपरवायझर पण एन्ट्री मारायला लागले. वयाचं कारण मला पटत नाही, हेच बाबू फोनवरनं लाईटबिल भरतात, एसटीचं तिकीट काढतात. मग ऑफिसातच काय अडतं?

भट्टीवाला:
भाऊ, प्रायव्हेटचं लांबनं बरं दिसतं. आमच्या फाउंड्रीत एन्ट्री नसेल तर माल बाहेर न्यायचं चलनच निघत नाही, गाडी गेटवर उभी राहते, म्हणून सगळे करतात. खरा हिशोब अजून खिशातल्या डायरीत. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या घाण्याचा नंबर, खडूनं मालाच्या बिनवर लिहायचा, रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, डायरीत, आणि शिफ्ट सुटायच्या आधी एका कॉम्प्युटरपुढं सात जण रांगेत, काळ्या हातानं घाईघाईत आकडे टाकायचे, मग चुकणारच की. कॉम्प्युटर भट्टीपासनं लांब ऑफिसात ठेवलाय, त्याचं कुणी बोलत नाही.

एमबीए_सर:
आम्ही हे वर्गात शिकवतो. फ्रेड डेव्हिस या संशोधकानं १९८९ मध्ये मांडलं की माणूस दोन गोष्टी बघतो, याचा मला उपयोग काय आणि वापरायला सोपं आहे का. त्याच्या अभ्यासात उपयोगाचं पारडं जड निघालं. पुढं २००३ मध्ये वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात आजूबाजूच्या लोकांचा दबाव आणि सोयीसुविधा हे पण धरलं, आणि दबाव चालतो तो मुख्यतः सक्ती असेल तिथं, असं त्यांना दिसलं. भट्टीवाल्यांचं चलन म्हणजे तेच. पण माझं मत विचाराल तर उपयोग कुणाला हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. साहेबाला रिपोर्ट मिळतो, बाबूचं काम मात्र दुप्पट होतं.

कोरेगावची_ताई:
सर, दुप्पट म्हणालात ते अगदी खरं. मी अंगणवाडी सेविका. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर आम्ही सरकारी मोबाईल परत केले तेव्हा लोक म्हणाले बायकांना शिकायचंच नाही. अहो, फोन दोन जीबी रॅमचा, ॲप इंग्रजीत, पोराचं वजन टाकून सेव्ह दाबलं की फोन बंद पडायचा, आणि तीच वजनं रजिस्टरला पण लिहायची. पोरगं काट्यावर रडतंय, आई घाई करतेय आणि मी फोन चालू व्हायची वाट बघत बसलेय. आम्ही काम नाकारलं नव्हतं, चांगला फोन आणि मराठी ॲप मागितलं होतं.

सांगलीकर_लिपिक:
ताई, तुमचं वाचून आमचं कोडं सुटलं. आमच्याकडं पण आवक-जावक रजिस्टर बंद केलेलंच नाही, तपासणीला येणारे आधी कागद मागतात, मग बाबू प्रिंट काढणार नाहीत तर काय करतील! हस्तलिखित सातबारा बंद झाला तेव्हा तलाठी ऑनलाइनवर आलेच की. सोमवारी साहेबांकडं जाऊन विचारतो, निदान एका टेबलाचं रजिस्टर बंद करायचा लेखी आदेश काढता का म्हणून. काय होतंय ते इथंच कळवतो.