गोडी गेली, नेम राहिला: तुमचे अनुभव सांगाल?

सांजसावली

बरेच दिवस लिहू की नको करत होते. शेवटी लिहितेच.

गेली २२ वर्षं मी पहाटे नाम घेते. सुरुवातीला तर गजर व्हायच्या आधीच जाग यायची. डोळे मिटले की गळा दाटून यायचा, तास कधी सरला कळायचं नाही. गेले आठ महिने यातलं काही उरलेलं नाही. बसते, माळ हातात घेते, ओठ हलतात आणि डोक्यात दिवसभराच्या कामांची यादी सुरू. मन तर आधीही भटकायचं म्हणा. पण भटकून परत यायला त्याला एक जागा होती. आता परत यावंसंच वाटत नाही.

देवावर राग नाही. श्रद्धा उडाली म्हणावं तर तसंही नाही. कोणी विचारलं की देव आहे का, तर आहेच म्हणेन, आणि मनापासून म्हणेन. फक्त तो हवासा वाटत नाही. जिवलग माणसासमोर बसावं, बोलायला काही सुचू नये आणि उठून जायचाही धीर होऊ नये, तसं काहीसं झालंय.

सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? दुसऱ्या कोणाला गहिवरलेलं पाहिलं की हेवा वाटतो. चक्क हेवा.

तुमचं कोणाचं असं झालं असेल तर लिहा. तेव्हा काय केलंत, गोडी परत आली का, नसेल आली तर कसं चाललंय. वाट कुठलीही असो. एकच विनंती: ‘श्रद्धा कमी पडतेय’ आणि ‘तो परीक्षा बघतोय’ हे दोन्ही डोस माझे घेऊन झालेत.

उंबरठा

ताई, तुमचं वाचून माझे ते दिवस आठवले. आई ५ वर्षं अंथरुणाला खिळून होती. सगळं करणारी मी एकटी. त्याआधी माझी प्रार्थना चांगली अर्धा-पाऊण तास चालायची. मग ती दहा मिनिटांवर आली, मग बसल्या बसल्या झोप लागायला लागली, आणि मग बसायचीच चीड यायला लागली. दिवसभर एका जिवाचं करायचं आणि रात्री आणखी एकाची मनधरणी करायची, असं वाटायचं. (असं वाटतं हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली.)

आमच्या नात्यातले एक आजोबा होते, फार कमी बोलायचे. त्यांना एकदा रडत सांगितलं की आजोबा, मला आतून काहीच येत नाही. ते म्हणाले, “मग तेच सांग की त्याला. येत नाही ते आणून कशाला दाखवतेस?”

त्या रात्री पाठ केलेलं काही म्हटलं नाही. म्हटलं, आज मला तू नकोयस, झोप हवीये. आणि झोपले. दुसऱ्या रात्री आणखी काहीतरी सुनावलं. असं किती महिने चाललं असेल! गोडी वगैरे काही नव्हती, पण एक गोष्ट झाली. इतकी वर्षं मी त्याच्यासमोर शहाण्या मुलीसारखी बसत होते, ते बंद झालं. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा ज्याच्याशी बोलले तो तोच होता, आणि तेव्हा मला शब्द जुळवावे लागले नाहीत.

आनंद म्हणाल तर... आधीसारखा गळा दाटणारा आनंद परत आला नाही. आता जे आहे ते जुन्या लग्नासारखं आहे. एका खोलीत दोघं आपापलं काम करत बसलेले असतात ना, तसं.

वाटाड्या

लिहिण्यासारखं काही नाही. फक्त ‘मीही’ म्हणायला आलो. वाचतोय.

तळटीप

मी स्वभावाने हिशेबी माणूस, त्यामुळे मला रडायला येत नाही, मी पुस्तक उघडतो. गीतेच्या बाराव्या अध्यायातले ८ ते ११ हे श्लोक या धाग्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत. आठव्यात श्रीकृष्ण म्हणतात, मन माझ्या ठायी ठेव. नवव्यात: ते जमत नसेल तर अभ्यास कर, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न कर. दहाव्यात: अभ्यासही झेपत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. अकराव्यात: तेही होत नसेल तर निदान केलेल्याचं फळ सोड.

मी पाठ म्हणत हे शंभर वेळा ओलांडून गेलो असेन. कोरडा पडलो तेव्हा दिसलं की हा जिना खाली उतरत येतोय. ‘जमत नसेल तर’, ‘तेही जमत नसेल तर’... सांगणाऱ्याने आपलं न जमणं आधीच धरलंय! आणि एकाही पायरीवर तो असं विचारत नाही की तुला आतून वाटतंय का.

मी दहाव्यावर थांबलो. एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायला लागलो. अर्थशास्त्र, त्यातही करांवरची प्रकरणं. यात भक्तिरस शून्य. पण वाचायला बसताना मनात म्हणायचो, हे तुझं काम. साधारण चौथ्या महिन्यात एका रटाळ परिच्छेदाच्या मधोमध मला इतकं बरं वाटलं की थांबून मागे वळून बघितलं, खोलीत कोणी आलंय का म्हणून. कोणी नव्हतं. पुढचं वाक्य वाचलं. असं नंतर दोनदाच झालंय, पण मी वाचन सोडलेलं नाही.

गलबत

मी ख्रिस्ती आहे. आमच्याकडे या अवस्थेवर बरंच बोललं गेलंय, पण रविवारी ते कोणी सांगत नाही.

मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १० वर्षांनी प्रसिद्ध झाली. त्यात दिसतं की मधला थोडा काळ सोडला तर जवळजवळ ५० वर्षं त्यांना प्रार्थनेत देवाचं सान्निध्य जाणवलंच नव्हतं. लोक म्हणतात हे वाचून धीर येतो. मला तर आधी धडकीच भरली. माझं एक वर्ष निघत नव्हतं आणि इथे ५०!

मला उपयोग झाला तो १६व्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या एका अगदी कोरड्या नियमाचा. मन रखरखीत असताना आधीचे निर्णय बदलू नका. ओलावा असताना जे ठरवलं होतं तेच पुढे चालवा. उलट, ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा, असंही ते सांगतात. मी पाच मिनिटं जास्त बसायचे. हट्टाने. त्यातून काही मिळालं असं नाही, पण कोरडेपणाचा बागुलबुवा गेला.

आणि स्वतःचे शब्द आटले तेव्हा उसने घेतले. बायबलमधल्या १५० स्तोत्रांपैकी बरीचशी तक्रारीची आहेत. बहुतेक शेवटाकडे आशेवर येतात, पण ८८वं येत नाही, ते अंधारातच संपतं. ते कोणी गाळलं नाही याचंच मला बरं वाटलं. मी ते रोज रात्री म्हणायचे.

एकमणी

गलबत ताई, माझा अनुभव नेमका उलटा. मी ताणलं तेव्हा तुटलं. मग कमी केलं. माळ जड झाली तर एक मणी. दिवसात एकदा नाम, पण ते उभं राहून, हातातलं टाकून. सहा वर्षं एवढंच चाललंय.

निळीशाई

थोडं वेगळं लिहितेय, कृपया सगळ्यांनी वाचा.

माझीही सुरुवात अशीच होती, ‘नामात गोडी वाटत नाही’. वर्षभर मी त्यावर आध्यात्मिक उपाय करत बसले. जप वाढवला, उपास केले, स्वतःला दोष दिला. मग हळूहळू लक्षात आलं की गाणं ऐकावंसं वाटत नाही, मैत्रिणीचा फोन घ्यावासा वाटत नाही, मुलगी हसली तरी आत काही हलत नाही. पहाटे तीनला जाग यायची, ती जपासाठी नव्हती. घरचे म्हणायचे, देवाचं करतेस ना, मग शांत कशी नाहीस?

ते नैराश्य होतं. डॉक्टर, औषधं, समुपदेशन, सगळं मिळून दीड वर्ष लागलं. आधी काय परत आलं माहितीये? शेजारच्या रेडिओवरचं गाणं. मी कपडे वाळत घालताना गुणगुणले आणि दचकले. देव त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आला, आणि मला वाटतं आधी गाणं पाठवून त्याने बरं केलं, कारण तोच पहिल्यांदा आला असता तर मी औषधं बंद केली असती.

म्हणून विचारते, राग मानू नका सांजसावली: बाकीचं गोड लागतंय ना?

सांजसावली

राग कसला! दोन दिवस विचार केला. लागतंय. भाचीशी खेळताना हसते, भूक लागते, झोप नीट आहे. फक्त तिथे बसलं की वाळवंट. पण तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. हे मला आतापर्यंत कोणीही विचारलं नव्हतं.

गलबत

निळीशाईंचा मुद्दा जुनाच आहे हे सांगायला परत आले. स्पेनमधले संत जॉन ऑफ द क्रॉस, हेही १६व्या शतकातले. १५७७-७८ मध्ये स्वतःच्याच संन्यासी संघातल्या लोकांनी त्यांना जवळजवळ नऊ महिने कोंडून ठेवलं होतं, त्यामुळे अंधाराबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. त्यांनी त्या काळातही या कोरडेपणाची लक्षणं सांगताना खिन्नतेचा आजार वेगळा काढलाय. आणि निव्वळ ढिलाई कशी ओळखायची? तर ढिल्या माणसाला आपण देवापासून दूर गेलोय याची काही पडलेलीच नसते. ज्याला त्याची रुखरुख लागते त्याचं प्रकरण निराळं.

सांजसावली, तुम्ही आठ महिने रुखरुखताय.

मोकळाश्वास

इथे सगळे टिकून राहिलेले लिहितायत, म्हणून मी न टिकलेला लिहितो. मी सोडलं. चार वर्षं झाली.

मला ओढ नव्हती हे खरं, पण मुळात कधी होती का हाच प्रश्न होता. लहानपणी सांगितलं गेलं होतं की नेम मोडला तर वाईट होतं. मी ३० वर्षं वाईट होऊ नये म्हणून बसत होतो. एका सकाळी बसलो नाही. दिवसभर धास्ती. काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या आठवड्यात मला जो सुटकेचा आनंद झाला तो आधी कुठल्याही पूजेत झाला नव्हता. आता याला कोणाला नास्तिकपणा म्हणायचा असेल तर म्हणावा.

पण एक गंमत आहे. अलीकडे कधी कधी, विशेषतः पहाटे चालायला गेलो की, आभार मानावेसे वाटतात. कोणाचे ते ठाऊक नाही. पूर्वी नाव तयार असायचं आणि आभार नसायचे. आता आभार तयार असतात, नावाची जागा मी मोकळी ठेवलीये. भरायची घाई नाही.

उंबरठा

मोकळाश्वास, तुमचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. इतकंच.

चांदणझूल

मी मुसलमान आहे, लिहू का असं मनात आलं होतं, पण ताईंनी कुठलीही वाट म्हटलंय.

सूफी लोकांत दोन शब्द आहेत, क़ब्ज़ आणि बस्त. आवळणं आणि पसरणं. मन कधी मुठीसारखं मिटतं, कधी तळव्यासारखं उघडतं. दोन्ही करणारा एकच. कुरआनात (२:२४५) हे दोन्ही शब्द अल्लाहबद्दलच आलेत. हे कळण्याआधी मी समजत होतो की पसरणं त्याच्याकडून आणि आवळणं माझ्या पापामुळे.

दुसरं म्हणजे नमाज. पाच वेळा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या हालचाली. तरुणपणी मला याचा कंटाळा होता, वाटायचं यात मन कुठेय? कोरड्या दिवसांत त्याचंच ऋण वाटलं. मन कुठे का असेना, कपाळ जमिनीला लागतं. आणि जमातीत, म्हणजे सगळे मिळून नमाज पढताना, खांद्याला खांदा लावून उभं असताना शेजारच्याचं मन लागलेलं असतं कदाचित. आपण त्याच्या रांगेत असतो.

जुनीपोथी

वयाने इथे मीच मोठी असेन, म्हणून जरा लांबण लावते.

भागवताच्या पहिल्या स्कंधात, सहाव्या अध्यायात नारद आपल्या मागच्या जन्माची गोष्ट सांगतात. दासीचा मुलगा, पाच वर्षांचा असताना आई सर्पदंशाने जाते. तो पोरका फिरत फिरत एका निर्जन रानात येतो, पिंपळाखाली बसतो, ध्यान लागतं, आणि हृदयात हरीचं रूप दिसतं. क्षणभर. मग गेलं! तो पुन्हा पुन्हा बसतो, तडफडतो, काही दिसत नाही. मग वाणी ऐकू येते: या जन्मात आता पुन्हा दर्शन नाही. एकदा दाखवलं ते तुझी ओढ वाढावी म्हणून.

तरुणपणी मला ही गोष्ट अजिबात आवडायची नाही. दाखवायचं आणि काढून घ्यायचं, हा काय खेळ! मैत्रिणीशी यावरून वाद घातलाय मी. आजही मला त्या वाणीचं म्हणणं पूर्ण पटलंय असं नाही. पण त्याच्या पुढच्या ओळींकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. तो पोरगा काय करतो? रडत बसत नाही, पुन्हा पुन्हा पिंपळाखालीही जात नाही. उठतो, लाज सोडून नाव घेत पृथ्वीभर हिंडतो, तृप्त मनाने. दर्शन नाही ते नाहीच.

माझं यजमान गेल्यावर झालं. नऊ वर्षं देवासमोर दगडासारखी बसले. गोडी परत आली ती अशी की एक दिवस नातवाला ही गोष्ट सांगत होते, आणि तो म्हणाला, “आजी, मग त्याला दिसत नव्हतं तर तो कोणासाठी गात होता?” मला उत्तर देता येईना. हसूच आलं. खूप वर्षांनी त्याच्या नावाने हसले.

सांजसावली

तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता आलं नाही, माफ करा. तळटीप, तो जिना मी भिंतीवर लिहून लावलाय. एकमणी, तुमचा उपाय चार दिवस केला, मला जमला नाही, मला बसायची सवयच बरी. उंबरठा, मी भांडायला अजून शिकतेय, सध्या फक्त कुरकुर करते.

गोडी परत आलेली नाही. पण आज सकाळी माळ ठेवताना लक्षात आलं, मन लागलं की नाही हे बघायचंच राहून गेलं होतं.