पिन सेट झाली हे बोटांना कळतं कसं? नवशिक्याचा प्रश्न

एमएच१९_जळगाव
नमस्कार मंडळी. फुले मार्केटमधून घेतलेलं ४० मिलिमीटरचं साधं पितळी कुलूप आहे, ५ पिनांचं. चावीशिवाय उघडायच्या सरावासाठीच ठेवलंय, कुठल्या दाराला लावलेलं नाही. रेक (नागमोडी टोकाची सळई) मागेपुढे घासली की दहात दोनदा उघडतं, पण का उघडलं ते कळत नाही. हुकने (टोक वाकवलेल्या सळईने) एकेक पिन उचलायला गेलं की पाचही सारख्याच लागतात. एकतर सगळ्या मऊ, नाहीतर सगळ्या घट्ट. 'बाइंड होणारी पिन शोधा' असं सगळे सांगतात, पण ती बोटाला लागते कशी? टेन्शन, म्हणजे चावीच्या भोकात घातलेल्या पट्टीने दिलेला वळवायचा दाब, किती द्यायचा? पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप मागवू का?

तापीकाठ
सगळ्या मऊ म्हणजे टेन्शन कमी, सगळ्या घट्ट म्हणजे टेन्शन जास्त. या दोन्हींच्या मधली जागा सापडली की पिना वेगवेगळ्या लागायला लागतात.

कारण असं. प्लगमधली (चावीबरोबर फिरतो त्या आतल्या भागातली) पिनांची भोकं कागदावर एका रेघेत असली, तरी ड्रिल करताना केसाएवढी इकडेतिकडे होतातच. त्यामुळे प्लग किंचित वळवला की पाचही पिना एकदम चेपल्या जात नाहीत, आधी एकच चेपली जाते. तीच बाइंड होणारी. टेन्शन जास्त दिलंत की पितळ दबतं, तीनचार पिना एकदम पकडल्या जातात आणि फरक पुसला जातो.

किती द्यायचं याची खूण नखात आहे. पट्टीवरच्या बोटाचं नख पांढरं पडलं की दाब जास्त झाला. घरात डिजिटल वजनकाटा असेल तर त्यावर बोट टेकवून ५० ग्रॅम म्हणजे किती ते एकदा बघा, सुरुवात तिथून करा.

आता पहिल्या दिवशी कुलूप उघडायचंच नाही. टेन्शन न देता हुक आत घाला आणि मागून पुढे एकेक पिन दाबून सोडा. बॉलपेनचं बटण दाबल्यासारखी प्रत्येक पिन वर जाते आणि हुकला ढकलत परत येते. ही 'स्प्रिंगी' अवस्था हाताला पाठ झाली पाहिजे, कारण बाकी सगळं तिच्या तुलनेत ओळखायचंय. पिनांमधलं अंतर साधारण ४ मिलिमीटर असतं. हुकच्या दांडीवर मार्करने तेवढ्या अंतरावर खुणा करा, म्हणजे आपण कितव्या पिनवर आहोत ते चुकत नाही.

मग हलकं टेन्शन द्या आणि प्रत्येक पिनला फक्त शिवा, उचलू नका. चार उसळतील, एक उसळणार नाही. ती कडक लागेल, दगडाला टेकल्यासारखी. हीच ती. हळूहळू जोर वाढवत न्या. 'टिक' होतं, म्हणजे पिन सेट झाली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातली पट्टी किंचित सरकते. नवशिके हुककडे लक्ष देतात आणि पट्टीच्या हाताला विसरतात, पण खरी बातमी बऱ्याचदा त्याच हाताला आधी लागते.

सेट झालेली पिन परत शिवून बघा. प्रत्येक भोकात खाली चावीला टेकणारी चावीपिन आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेली दुसरी पिन असते. सेट झाल्यावर स्प्रिंगचा जोर वरच्या पिनने अडवलेला असतो, म्हणून खालची चावीपिन नुसती सैल लोंबते, हलक्या स्पर्शाने खुळखुळते. कडक, स्प्रिंगी आणि खुळखुळी, या तीन गोष्टी वेगळ्या लागल्या की अर्धं शिक्षण झालं.

चौथी फसवी असते, ओव्हरसेट. जोर जास्त झाला की चावीपिनच प्लग आणि बॉडीच्या मधल्या रेषेपलीकडे जाऊन अडकते. ती पण कडक लागते, पण नेहमीपेक्षा वर बसलेली असते आणि बाकी कुठलीच पिन बाइंड होत नाही. अशा वेळी टेन्शन एकदम सोडू नका. अगदी सावकाश कमी करा आणि 'टिक टिक' मोजा. जितके आवाज, साधारण तितक्या पिना उचललेल्या होत्या.

पारदर्शक कुलूप नको. त्याची भोकं ढिली असतात आणि बोटांचं काम डोळे करून टाकतात.

धुळे_१८
एक विचारतो. चावी फिरवून सोडली की आपोआप मागे येते का? येत असेल तर प्लगला परतीची स्प्रिंग आहे. मग तुमचं अर्धं टेन्शन त्या स्प्रिंगशी झगडण्यात जातं आणि पिनांपर्यंत पोचतच नाही. वरचा ५० ग्रॅमचा हिशेब अशा कुलपाला पुरत नाही. आधी स्प्रिंगपुरता दाब द्या, मग त्यावर हलकं.

हत्यारही बघून घ्या. हॅकसॉ ब्लेडपासून केलेली हुक चालते, जाडी साधारण ०.६३ मिलिमीटर असते. पण ग्राइंडरवर घासताना दर दोनतीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला आणि ती वाकणार. शेवटी ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर मारा. खरखरीत हुक पिनवर घासते आणि तो आवाज 'टिक' समजून माणूस फसतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: गोदरेजचं नवताल घेऊन या सरावाला बसू नका. ते लिव्हरचं कुलूप आहे, आत पिना नाहीत, ही हुक तिथं चालत नाही.

एमएच१९_जळगाव
हो भाऊ, चावी आपोआप मागे येते. दाब वाढवल्यावर खरंच फरक पडला. क्रम ३, १, ४ असा लागतोय. पण चौथी झाली की प्लग बऱ्यापैकी फिरतो, डोळ्याला दिसेल इतका, आणि तिथंच ठाम बसतो. पुढे काहीच नाही.

तापीकाठ
मग आत स्पूल पिन आहे, आणि हा 'फॉल्स सेट'. साधी पिन सेट झाली तर प्लग जेमतेम सरकतो, डोळ्याला दिसत नाही. दिसण्याइतका फिरला म्हणजे डमरूसारख्या पिनची बारीक कंबर रेषेवर येऊन अडकलीय. हे अपयश नाही, बरोबर मार्गावर आहात.

आता सगळ्या पिना हलक्या दाबून बघा. ज्या पिनला दाबताच पट्टी तुमच्या बोटाला उलट ढकलते, ती स्पूल. तिच्यावरचा जोर तसाच ठेवा आणि टेन्शन केसभर सैल करा, प्लगला मागे जाऊ द्या. घट्ट धरून ठेवलंत तर ती कधीच वर जाणार नाही. प्लग मागे गेला की पिन वर सरकते, 'टिक' होतं आणि प्लग परत पुढे येतो. या धांदलीत एखादी आधीची पिन खाली पडते. पडू द्या, ती परत सेट करा.

क्रम कागदावर लिहून ठेवा. एकाच दिशेने फिरवलं तर तो बहुतेक तोच राहतो, उलट दिशेला बदलतो.

सातपुडा_पायथा
तरीही गोंधळ होत असेल तर पिना कमी करा, याच्याइतकं काही शिकवत नाही. पण बंद बॉडीचं पितळी कुलूप सहसा खोलता येत नाही, म्हणून दाराचं सुटं सिलिंडर घ्या. मागची क्लिप काढा, चावी घालून प्लग जरासा वळवा आणि प्लगच्याच जाडीची काठी मागून ढकलत प्लग बाहेर घ्या. जाडी मोजून घ्या, साधारण १३ मिलिमीटर असते. काठी आणि प्लग यांच्यात फट पडली की स्प्रिंगा उडाल्याच. म्हणून हे काम मोठ्या ताटात, खाली टॉवेल अंथरून करा.

एकच पिन ठेवून जोडा. वीसेक वेळा उघडा, मग दोन, मग तीन. दोन पिनांवर 'आधी कुठली' हा प्रश्न पहिल्यांदा येतो, तिथं जास्त वेळ द्या.

आणि भो, कुलपात खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घालू नका. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ त्यात बसून चिकटा होतो, सेट झालेली पिन पण खुळखुळायची थांबते. पेन्सिलच्या शिशाची बारीक पूड चिमूटभर पुरे. मे महिन्यात हाताला घाम सुटतो, तेव्हा पट्टीच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर बोट घसरून टेन्शन मधेच सुटतं आणि सगळ्या पिना खाली.