पेरूची जेली बसत नाही, आणि जॅमला बुरशी

रानजाई
पेरूच्या जेलीची कृती जशी केली तशी देते, नेमकं कुठे चुकतंय ते सांगा.

पूर्ण पिकलेले, मऊ, वास सुटलेले पेरू १ किलो. फोडी १.५ लिटर पाण्यात ४० मिनिटं शिजवून कापडातून घट्ट पिळल्या. रस १.२ लिटर निघाला. त्यात १.२ किलो साखर आणि एका लिंबाचा रस सुरुवातीलाच घालून मंद आचेवर ५० मिनिटं आटवलं. रंग विटकरी झाला, पण दोन दिवसांनीही बाटली तिरकी केली की मधासारखं ओघळतं. शिवाय गढूळ आहे.

दुसरं, गराचा जॅम: १ किलो गराला ४०० ग्रॅम साखर. झाकणाला वाफ धरू नये म्हणून पूर्ण गार करून बाटलीत भरला. तीन आठवड्यांत वर बुरशी आली.

थर्मामीटर नाही, वजनकाटा आहे. ही पातळ जेली वाचवता येईल का?

चुलाण
जेली बसायला तीन गोष्टी लागतात: पेक्टिन (फळातला, जेलीला घट्टपणा देणारा पदार्थ), आंबटपणा आणि साखर. तुमच्याकडे साखर भरपूर होती, बाकीच्या दोन्हींत कमी पडली.

पेक्टिन फळातच कमी होतं. फळ फार पिकलं की त्यातली विकरं (एन्झाइम) पेक्टिनचे तुकडे पाडतात. फळ मऊ पडतं ते त्यामुळेच. अगदी कच्च्या फळात पेक्टिन असतं, पण पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात. आंबट पाण्यात शिजवलं की ते सुटतं. म्हणून नुकते पिकलेले, अजून घट्ट असलेले पेरू तीन भाग आणि कच्चट एक भाग घ्या. साल आणि बिया काढू नका.

पाणीही जास्त झालं. फोडी जेमतेम बुडतील इतकंच घाला, त्यात किलोमागे २ ग्रॅम लिंबूसत्त्व, आणि २५ ते ३० मिनिटं हलकी उकळी. फोडी चेचू नका. मग ओल्या मलमलीत बांधून चार-सहा तास टांगून ठेवा. पिळायचं नाही. पिळलं की गराचे बारीक कण रसात उतरतात आणि जेली गढूळ होते. रस कमी निघाला असं वाटलं तर चोथ्यात निम्मं पाणी घालून पुन्हा १५ मिनिटं उकळा आणि तो रसही टांगूनच गाळा.

आता सर्वांत महत्त्वाचं. साखर घालण्याआधी रस तपासा. गार रस १ चमचा, स्पिरिट ३ चमचे, एका छोट्या वाटीत हलकेच फिरवून तीन मिनिटं ठेवा. एकच सलग गोळा झाला, काट्याने उचलता आला, तर पेक्टिन भरपूर: लिटरमागे १ किलो साखर. दोन-तीन सैल गोळे झाले तर ७५० ग्रॅम. नुसती चुऱ्यासारखी गाठ दिसली तर साखर घालूच नका; रस आटवून परत तपासा, किंवा कच्च्या पेरूचा रस मिसळा. वाटीतलं मिश्रण चाखायचं नाही, ओतून द्यायचं.

तुम्ही रसाइतकीच साखर घातलीत, ते प्रमाण पहिल्या प्रकारच्या रसासाठीच आहे. पेक्टिन कमी असताना एवढी साखर घातली की नुसता पाक होतो.

अडुळसा
चुलाण यांनी रसाचं नीट सांगितलं आहे, मी आटवण्याबद्दल लिहितो. मंद आचेवर ५० मिनिटं हीच मोठी चूक. आंबट रस उकळत राहिला की पेक्टिन तुटत जातं. म्हणजे जितका वेळ आटवाल तितकी बसण्याची शक्यता कमी. आंबट टाकून सुरुवात केलीत, त्याने तुटणं आणखी वाढलं. विटकरी रंगही लांबलेल्या उकळीचाच.

रुंद तोंडाचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या, एका वेळी १ लिटरपेक्षा जास्त रस नको. लोखंडी कढई नको; पेरूतल्या तुरट द्रव्यांशी लोखंडाचा संबंध आला की रंग काळपट पडतो. रस उकळला की साखर घालून विरघळवा, मग आच पूर्ण मोठी. २० मिनिटांच्या आत काम व्हायला हवं. लिंबू शेवटच्या पाच मिनिटांत.

लिंबू किती? चव घेऊन ठरवता येतं. १ चमचा लिंबाचा रस, ९ चमचे पाणी, अर्धा चमचा साखर यांचं मिश्रण करा. साखर घालण्याआधीचा तुमचा रस निदान तेवढा आंबट लागला पाहिजे. पेरू बहुधा कमीच पडतो. लिटरमागे साधारण ३० मिलि लिंबाचा रस धरून चाला. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं आंबट) तपासायचा कागद असेल तर ३.१ ते ३.३ वर आणा. फार आंबट करूही नका, जेली बसते पण नंतर पाणी सोडते.

थर्मामीटर नसला तरी वजनकाट्यावर शेवट अचूक कळतो. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा. जेलीचं वजन घातलेल्या साखरेच्या दीडपट झालं की उतरवा. ७५० ग्रॅम साखर असेल तर ११२५ ग्रॅम. तेव्हा विरघळलेला गोडवा ६५ टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. शिवाय चमचा बुडवून आडवा धरा: थेंब वेगवेगळे न पडता दोन थेंब एकत्र येऊन पापुद्र्यासारखे गळले की झालं. तपासताना आच बंद ठेवा, नाहीतर तेवढ्यात पुढे जातं.

थर्मामीटर घेतलात तर १०४.५ सेल्सिअस हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. दर ३०० मीटर उंचीला पाणी सुमारे १ अंश आधी उकळतं. म्हणून आधी साधं पाणी उकळून बघा आणि त्यापुढे साडेचार अंश मोजा.

पानगळ
पातळ जेली नुसती परत उकळू नका. पेक्टिन संपलं आहे; आटवून आटवून चिवट टॉफी होईल आणि तळाला लागेल.

उपाय दोन. पहिला, १ किलो पातळ जेलीला कच्चट पेरूंचा दाट रस ३०० मिलि. तो स्पिरिटच्या चाचणीत सलग गोळा देणाराच हवा. दोन्ही एकत्र मोठ्या आचेवर, शेवटी दोन मोठे चमचे लिंबाचा रस, आणि चमच्यावरून थेंब पापुद्र्यासारखे गळेपर्यंतच. दुसरा, विकतची पेक्टिन पूड ५ ग्रॅम, तिच्या पाचपट साखरेत कोरडी मिसळायची, १५० मिलि गरम पाण्यात भुरभुरत घालून एक मिनिट उकळायची आणि मग उकळत्या जेलीत ओतायची. पूड थेट जेलीत टाकली तर गुठळ्या होतात. एवढ्या साखरेत पेक्टिन विरघळत नाही.

आधी १०० ग्रॅमवर करून बघा. आणि भरल्यावर बाटल्या एक दिवस हलवू नका. बसत असताना धक्का लागला की पेक्टिनची जाळी मोडते, ती पुन्हा नीट जुळत नाही.

चुलाण
बुरशीबद्दल. गार करून भरणं हेच कारण, त्यात साखर कमी. गार होताना हवेतले बीजकण वर बसतात आणि बाटलीत तसेच बंद होतात. वाफेची भीती अर्धगरम भरताना खरी: झाकणाला थेंब धरतात, वर पडतात आणि पृष्ठभागावरची साखर पातळ होते. बुरशी तिथूनच सुरू होते.

काचेच्या बाटल्या १० मिनिटं पाण्यात उकळा आणि भरेपर्यंत गरमच ठेवा, गार काचेत उकळता जॅम ओतला तर तडा जातो. जॅम ८५ अंशांच्या वर असताना भरा, वर ६ मिलिमीटर जागा सोडा, काठ ओल्या स्वच्छ कापडाने पुसा. काठाला चिकटलेल्या जॅममुळे झाकण हवाबंद होत नाही. मग बंद बाटल्या उकळत्या पाण्यात १० मिनिटं, पाणी झाकणाच्या वर दोन बोटं. उलटी करून ठेवण्याची पद्धत याला पर्याय नाही.

बुरशी आलेली बाटली पूर्ण टाकून द्या. वरचा थर काढून खाली चांगलं असेल असं धरू नका. बुरशीची विषं दिसणाऱ्या थराच्या खाली उतरलेली असू शकतात.

रानजाई
सगळं टिपून घेतलं. साखर कमीच ठेवायची असेल तर ४०० ग्रॅमचा जॅम नीट भरल्यावर टिकेल का?

अडुळसा
बंद बाटलीत टिकेल, कारण उकळत्या पाण्यातली प्रक्रिया टिकवते. झाकण उघडलं की नाही. छोट्या, २०० मिलिच्या बाटल्या भरा, उघडलेली फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन आठवड्यांत संपवा. लिंबू मात्र कमी करू नका. पपई, केळं, अंजीर अशा कमी आंबट फळांना तर ते सक्तीचंच: पीएच ४.६ च्या वर गेला तर हवाबंद बाटलीत बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, आणि वास किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही.

जेलीत साखर निम्मी केली तर नेहमीचं पेक्टिन बसतच नाही. त्यासाठी कमी मेथॉक्सिलचं वेगळं पेक्टिन मिळतं, ते साखरेऐवजी कॅल्शियमवर बसतं. पाकिटावर तसं लिहिलेलं आहे का बघून घ्या, आणि कॅल्शियमचं प्रमाण त्या पाकिटाप्रमाणेच ठेवा. जास्त झालं तर जेली कणीदार होते.