एकपाद म्हणजे लंगडा नव्हे

शब्दवेडा:
महाभारताच्या सभापर्वात सहदेव दक्षिणेकडे दिग्विजयाला जातो तिथे ‘एकपाद’ पुरुषांचा उल्लेख येतो. ओळखीतल्या एकाने त्याचा अर्थ लंगडे लोक असा सांगितला आणि मला ते फार खटकलं. लंगड्याला दोन पाय असतात, एक अधू असतो. लंगडी खेळतानासुद्धा दुसरा पाय मागे मुडपलेला असतोच ना! एकपाद म्हणजे ज्याची घडणच एका पायाची, त्याचं काही गेलेलं नाही.

मिताक्षरा:
पहिलं पटलं, दुसरं अजिबात नाही. साधा बहुव्रीही समास आहे, एक पाद आहे ज्याला तो एकपाद. पाय जन्मापासून एक की नंतर तुटला हे समास सांगतच नाही, ते तुम्ही पदरचं घालताय.

शब्दवेडा:
समास नाही सांगत, पण वापर सांगतो की. गायीचा एक पाय गेला म्हणून तिला कोणी त्रिपाद म्हणत नाही, ती चतुष्पादच राहते. आणि ऋग्वेदातला अज एकपाद, पूर्वाभाद्रपदा नक्षत्राची देवता, त्याला कुणी अपंग समजतं का?

रानवाट:
मराठीत सरळ एकपदी म्हणा, लोकांना कळेल.

मिताक्षरा:
@रानवाट नको हो, एकपदी म्हटलं की बीजगणित आठवतं, बहुपदी द्विपदीच्या रांगेतलं. पद वेगळं, पाद वेगळं.
@शब्दवेडा भागवताचा पहिला स्कंध काढा. धर्म बैलाच्या रूपात एका पायावर फिरतोय, तीन पाय गेलेत, आणि गायीच्या रूपातल्या पृथ्वीला विचारतो की मी एकपाद झालो म्हणून शोक करतेस का. इथे तर पाय गेल्यावरच हा शब्द आलाय, आता बोला.

शब्दवेडा:
दाखला जबरदस्त आहे, मला सुचला नव्हता. म्हणजे ‘फक्त जन्मजात’ हे माझं म्हणणं मागे घेतो. पण तिथेच एकपादच्या आधी ‘पादैर्न्यूनं’ आहे, पायांनी उणा. उणेपणा सांगायला कवीला वेगळा शब्द घालावा लागला, नुसत्या एकपादने ते काम झालं नाही. म्हणून सभापर्वातल्या त्या माणसांना लंगडे म्हणायला माझा विरोध कायम आहे, ‘एका पायाची माणसं’ म्हणा की.

मिताक्षरा:
‘एका पायाची माणसं’ चालेल. पण ‘पादैर्न्यूनं’वरून एवढं काढणं मला ओढूनताणून वाटतं, कवितेत एकच गोष्ट दोनदा सांगतातच.